हंपीचा मुक्काम

हंपीस जावयाचे नक्की झाले त्या संध्याकाळी आमच्या मेहुण्यांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, एक फुलस्केप कागद पुढे ओढून त्यावर पट्टीने चार रकाने आखले. त्यांची सारी हयात मामलेदार कचेरीत गेली. अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त होऊन आता दहा वर्षे लोटली. तथापि रकाने आखल्यावाचून ते वाण्याची यादीसुद्धा करीत नाहीत. अनुक्रम, स्थळ, वेळ आणि शेरा अशा त्या चार रकान्यांत त्यांनी चौदा स्थळांची फेरिस्त उतरविली, प्रत्येक स्थळास अर्ध्यापासून पाऊण तासापर्यंत वेळ मंजूर केला, दुपारच्या जेवणास चाळीस मिनिटे दिली, आणि सकाळी सातला होसपेटहून निघून सायंकाळी सातला होसपेटास परत व रात्रीच्या बसने मिरजेकडे रवाना, असा अखेरचा हुकूम खाली लिहून, कागद सहीसाठी ठेवावा तसा माझ्यापुढे ठेवला.

“तात्या, एका दिवसात काम फत्ते होते,” ते म्हणाले. “हंपीत मुक्काम म्हणजे नाहक खर्च आहे.”

भाऊसाहेबांचे म्हणणे निराधार नव्हते, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. होसपेट हे रेल्वेचे जंक्शन असून तेथून हंपी अवघी बारा-तेरा किलोमीटर आहे. कोल्हापूर-मिरजेकडच्या माणसास हुबळी-गदगवरून जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस सोयीची पडते, तर गोमंतकातून येणाऱ्यास वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस थेट होसपेटास उतरविते. उतारूंसाठी लहानमोठी लॉज होसपेटात मुबलक आहेत, हंपीकडे जाणाऱ्या बसगाड्या व रिक्षा दिवसभर मिळतात, आणि पुरातत्त्व खात्याने विठ्ठल मंदिर व जनाना आवार यांसाठी जे एकच तिकीट ठेवले आहे ते त्या एका दिवसापुरतेच चालत असल्यामुळे, सारे एका दिवसात उरकण्याची प्रेरणा जणू सरकारनेच प्रवाशास दिली आहे. सामान होसपेटच्या खोलीत ठेवून मोकळ्या हाताने हिंडावे आणि रात्री आपल्या गादीवर येऊन पडावे, यात गैर काय, असा प्रश्न कोणीही विचारील.

माझी अडचण निराळी होती. ज्या स्थळाविषयी आपण ‘अवशेष’ हा शब्द वापरतो ते स्थळ बहुधा एखादे देऊळ, एखादा स्तूप, किंवा फार तर एखादा किल्ला असतो. त्याला दरवाजा असतो, आत शिरावे, प्रदक्षिणा घालावी आणि बाहेर पडावे, असा त्याचा आवाका असतो. हंपी हे तसे स्थळ नव्हे. हरिहर आणि बुक्क या बंधूंनी १३३६ साली ज्याचा पाया घातला असे परंपरेने मानतात त्या विजयनगर साम्राज्याची ती राजधानी. १४४३ साली इराणच्या दरबाराचा वकील अब्दुर रझाक तेथे आला तेव्हा एकात एक अशा सात तटबंद्या ओलांडून तो राजवाड्यापाशी पोहोचला, आणि कृष्णदेवरायाच्या अमदानीत आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश याने टेकडीवर चढून हे नगर न्याहाळले तेव्हा त्याला ते रोमएवढे मोठे वाटले. १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झालेल्या या क्षेत्राचा विस्तार सुमारे ४२ चौरस किलोमीटर असून त्यात सोळाशेंहून अधिक वास्तूंचे अवशेष नोंदलेले आहेत. भाऊसाहेबांच्या फेरिस्तीत चौदा होते. हा हिशेब त्यांच्याच भाषेत मी मांडला, तेव्हा उरलेले सोळाशे पाहण्यास एक रात्र तरी कशी पुरणार, असा बिनतोड जबाब त्यांनी दिला.

निकाल माझ्या पत्नीने लावला. “दादा,” ती आपल्या भावास म्हणाली, “पंढरपुराला जाऊन काकडआरतीला न थांबता परत येतो का आपण?” सरकारी परिपत्रकापेक्षा हा दाखला भाऊसाहेबांस अधिक मान्य होता. बसची तिकिटे एक दिवस पुढे ढकलण्यात आली आणि कागदावर ‘मुक्काम : एक’ अशी दुरुस्ती झाली, पहिल्या दिवसाचा कार्यक्रम मात्र मूळ फेरिस्तीबरहुकूमच पार पाडावयाचा, अशी अट त्यांनी घातली, आणि पुढे ती मला फार उपकारक झाली, कारण त्यायोगे एकच नगर आम्ही लागोपाठ दोन रीतींनी पाहिले.

हंपीची रचना ध्यानी घेतल्याखेरीज तेथील वेळेचे गणित सुटत नाही. तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर, विरूपाक्षापासून विठ्ठलापर्यंत, देवळांचा पट्टा आहे. तेथून दोन-तीन किलोमीटर दक्षिणेस, कमलापूरच्या बाजूला, राजवाडे, दरबार, हत्तीखाना व स्नानगृहे यांचा राजकीय विभाग आहे. या दोहोंच्या मध्ये जे खोरे पसरले आहे त्यात विजयनगरच्या राजांनी काढलेले पाट आजही वाहतात व त्यांवर केळी आणि भात पिकतो. रिक्षात बसलेला प्रवासी या खोऱ्यातून पाच मिनिटांत पार होतो. त्याच्या दृष्टीने ते दोन स्थळांमधील रिकामे अंतर असते.

पहिला दिवस आम्ही रिक्षाने काढला. हेमकूट टेकडीच्या उतारावर दोन गणपती आहेत. एकास सासिवेकाळु म्हणजे मोहरीचा दाणा, तर दुसऱ्यास कडलेकाळु म्हणजे हरभऱ्याचा दाणा असे कानडी नाव आहे, आणि ही मोहरी अडीच मीटरच्या घरात व हा हरभरा साडेचार मीटरच्या घरात उंच आहे. पुढे कृष्णदेवरायाने ओरिसाच्या गजपतीवरील विजयानंतर बांधविलेले कृष्ण मंदिर, आणि त्यापलीकडे १५२८ साली एकाच शिळेतून घडविलेला पावणेसात मीटर उंचीचा नरसिंह. त्याच्या मांडीवर एके काळी लक्ष्मी होती. ती फोडली गेल्यावर उरलेल्या एकट्या मूर्तीस लोक उग्रनरसिंह म्हणू लागले. हे अनवधानाने झालेले नामांतर मला फार बोलके वाटले, परंतु तेथे मंजूर वेळ अर्ध्या तासाचाच असल्यामुळे त्यावर विचार करीत उभे राहण्याची सोय नव्हती.

राजकीय विभागात पोहोचेतो दहा वाजले होते. जेथे नवरात्राचा उत्सव भरे तो महानवमीचा चौथरा, ज्याच्या भिंतींवर रामकथा शिल्पांत मांडली आहे ते हजारराम मंदिर, हिंदू आणि इस्लामी वास्तुरीतींचा सुंदर संगम झालेला कमलमहाल, आणि अकरा घुमटाकार दालनांचा हत्तीखाना, अशी एकामागून एक स्थळे भाऊसाहेबांच्या पेन्सिलीखाली गेली. त्यांपैकी ते स्वतः रेंगाळले ते एकाच ठिकाणी. चौथऱ्याच्या शेजारी १९८०च्या दशकातील उत्खननात सापडलेली एक पायऱ्यांची पुष्करणी आहे. काळ्या दगडाच्या त्या पायऱ्यांवर, कोणता दगड कोठे बसवावयाचा याच्या खुणा पाथरवटांनी कोरून ठेविल्या आहेत. पाचशे वर्षांपूर्वीचे ते नंबर पाहून भाऊसाहेबांचा चेहरा असा उजळला की, जणू परक्या मुलखात आपल्याच खात्याचा माणूस भेटावा. मंजूर वेळेवर त्यांनी स्वतःच दहा मिनिटांचा जादा खर्च केला.

त्यानंतर मात्र दुपारने आमचा ताबा घेतला. जानेवारीचा महिना असूनही, सभोवार ग्रॅनाइटच्या प्रचंड धोंडींच्या राशी असल्यामुळे बारानंतर तेथे उजेडाबरोबर उष्माही चारी बाजूंनी परावर्तित होऊन येतो. अशा वेळी माणूस शिल्पाकडे पाहावयाचे सोडून सावलीकडे पाहू लागतो. एका दिवसात परतणाऱ्याच्या वाट्यास दहा तास येतात, त्यांपैकी मधले चार असे जातात. आणि सकाळची पहिली व संध्याकाळची शेवटची घटका, जेव्हा त्या तांबूस दगडावरील कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसते, त्या दोन्ही घटका होसपेटच्या रस्त्यावर खर्च पडतात. एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्याने तर हा मधला काळ हिशेबातून वजाच करावा.

चार वाजता आम्ही विठ्ठल मंदिरापाशी आलो. वाहने अलीकडेच थांबवून शेवटची मजल विजेवर चालणाऱ्या गाड्यांतून न्यावयाची, असा तेथे बंदोबस्त आहे. प्रसिद्ध दगडी रथ पाहताच भाऊसाहेबांनी पाकिटातून पन्नास रुपयांची नोट काढून तिच्या पाठीवरील चित्राशी रथ ताडून पाहिला व समाधानाने खूण केली. वास्तविक तो रथ म्हणजे गरुडाचे देऊळ आहे. त्यावर पूर्वी विटांचे शिखर होते, आणि १८५६ साली अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने घेतलेल्या छायाचित्रात ते दिसतेही. पुढे ते नाहीसे झाले. ज्या स्तंभांतून स्वर उमटतात अशी ख्याती आहे ते वाजवून पाहण्यास आता मनाई आहे, व ती योग्यच आहे.

मराठी माणसाची पावले जेथे अडखळतात ते स्थान मात्र याच्याही आत आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल विजयनगरास नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा आपल्याकडे बालपणापासून कानांवर पडलेली असते. इतिहासाच्या कसोटीस ती कितपत उतरते याचा खल विद्वान करोत, परंतु त्या अंधाऱ्या, रित्या चौकटीपुढे उभे राहिल्यावर माझ्या पत्नीने सवयीने हात जोडले आणि मग, कोणाला जोडले हे ध्यानी येऊन, थोडी ओशाळून ती हसली. भाऊसाहेबांनी विठ्ठल मंदिरापुढे ‘पाहिले’ अशी खूण केली, क्षणभर थांबले, आणि त्या दिवसातील पहिला व एकमेव शेरा लिहिला : ‘विठ्ठल नाही.’

फेरिस्त संपली होती. येथून जर आम्ही बसने परतलो असतो तर चौदाही स्थळे पाहिल्याचे प्रमाणपत्र खुशाल कोणापुढेही करता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते.

मुक्कामाची आमची सोय विरूपाक्ष मंदिरामागील वस्तीत एका घरगुती खानावळवजा ठिकाणी झाली होती. या बाबतीत जुन्या माहितीवर कोणी विसंबू नये. पूर्वी मंदिरासमोरच्या प्राचीन बाजारपेठेच्या दगडी ओवऱ्यांतच दुकाने व बिऱ्हाडे असत. ती २०११ साली उठविण्यात आली. नदीपल्याडच्या विरूपापूर गड्डी बेटावरील उपाहारगृहे व राहण्याची ठिकाणे, ज्यांची वर्णने अद्याप तोंडोतोंडी ऐकू येतात, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२० साली पाडली गेली. आता पर्याय तीन : हंपीतील ही साधी घरे, दक्षिणेकडील कमलापूर, किंवा नदीपलीकडचे आनेगुंदी व त्याच्या आसपासची खेडी. हंपीत मद्यमांस मिळत नाही व ऐषारामाची अपेक्षाही करू नये. परंतु जोंधळ्याची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगांची चटणी पुढे आल्यावर कृष्णेकाठच्या माणसास परके वाटण्याचे काहीच कारण उरत नाही.

सूर्यास्तास आम्ही हेमकूटावर बसलो. खाली विरूपाक्षाचे सुमारे पन्नास मीटर उंचीचे नऊ मजली गोपुर. याच गोपुराची उलटी प्रतिमा देवळाच्या मागील बाजूच्या एका काळोख्या खोलीत भिंतीवरील झरोक्यातून पडते, ती आम्ही सकाळी पाहिली होती. दिवसभराच्या बसगाड्या एकेक करून निघून गेल्या, फोटो काढणाऱ्यांची गर्दी ओसरली, आणि मग देवळातून घंटेचा नाद आला. विजयनगराची धूळधाण झाली तरी विरूपाक्षाची पूजा चालूच राहिली, हे वाक्य मी अनेकदा वाचले होते. परंतु भोवतालच्या साऱ्या पडक्या वास्तू काळोखात बुडून एका देवळात तेवढे दिवे लागलेले पाहीपर्यंत त्या वाक्यातील ‘तरी’ या शब्दाचे वजन मला कळले नव्हते. दिवसाच्या उजेडात ते देऊळ चौदांपैकी एक होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, विजेरी घेऊन व वाट ठाऊक असलेल्या एका तरुणास सोबत घेऊन (अंधारात एकट्याने ही चढण कोणी चढू नये), आम्ही मातंग पर्वतावर गेलो. सर्व परिसरातील हे उंच ठिकाण. चढण अर्ध्यापाऊण तासाची, परंतु शेवटचा टप्पा गुडघ्यांची परीक्षा पाहणारा. उजाडू लागले तसे खाली अच्युतराय मंदिर आणि त्यापुढील ओसाड बाजारपेठेच्या खांबांच्या रांगा प्रथम उमटल्या, मग नदीचा चकचकीत पट्टा, पलीकडे अंजनाद्री, आणि दक्षिणेकडे केळींच्या हिरव्या खोऱ्यापलीकडे काल पाहिलेला राजकीय विभाग. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाऊसाहेबांनी खिशातून कागद काढला व एकेका अनुक्रमांकाकडे बोट दाखवू लागले : तो चौथरा, तो हत्तीखाना, तो नरसिंह असावा. काल ज्या गोष्टी एकामागून एक आल्या होत्या त्या आता एकमेकींच्या शेजारी होत्या. नदी उत्तरेकडून अडविते, धोंडींच्या राशी तटाचे निम्मे काम फुकट करतात, मधल्या खोऱ्यातील पाटांवर राजधानीचे पोट चालते, देव नदीकाठी आणि राजा शेतांच्या पलीकडे : असे त्या नगराचे सारे दप्तर तेथून उलगडून वाचता येते. ज्यास आम्ही रिकामे अंतर समजत होतो तेच नगर होते. चौदा स्थळे ही त्या नगराची उरलेली घरे.

म्हणून त्या दिवशी आम्ही रिक्षा केली नाही. विरूपाक्षाच्या बाजारपेठेतून निघून नदीकाठच्या पायवाटेने, चक्रतीर्थाजवळील कोदंडराम मंदिरावरून, जिच्या खडकावरील पांढऱ्या रेघोट्यांस लोक सीतेच्या वस्त्राची खूण म्हणतात त्या सुग्रीवाच्या गुहेवरून, विठ्ठल मंदिरापर्यंत दोनेक किलोमीटर चालत गेलो. वाटेत परडीसारख्या गोल नावा पाण्यावर गिरक्या घेत होत्या. नदीकाठच्या पुरंदर मंडपाशी, जेथे पुरंदरदास बसून भजने रचीत असे सांगतात, आम्ही दोन घटका टेकलो. त्यांच्या प्रत्येक पदाच्या अखेरीस पुरंदरविठ्ठलाची मुद्रा येते. तेव्हा आदल्या दिवशी ‘विठ्ठल नाही’ असा शेरा मारताना आपण थोडी घाई केली की काय, असे भाऊसाहेब स्वतःशीच पुटपुटले, परंतु शेरा खोडला नाही. कागदोपत्री तो खराच होता.

चालताना माझ्या मनात १५६५ चा जानेवारी घोळत होता. कृष्णाकाठी, तालिकोटच्या नावाने जी लढाई प्रसिद्ध आहे तिच्यात अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर येथील सुलतानांच्या एकवटलेल्या फौजांनी विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला, आणि अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने त्याचा शिरच्छेद करविला. लढाईचा निकाल एका दिवसात लागला; पुढची लूट व मोडतोड मात्र कित्येक महिने चालली. जे मोडावयास विजयी फौजांना महिने लागले ते पाहून संपविण्यास आम्ही बारा तास मुक्रर केले होते, हा विचार काहीसा लाजविणारा होता.

आणि याच संदर्भात मला चेझारे फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याची आठवण होते. लढाईनंतर दोन वर्षांनी, १५६७ साली, तो विजयनगरास आला. घरे अद्याप उभी होती पण ओस, आणि त्यांत वाघ व इतर रानटी जनावरे राहतात असे ऐकू येत होते. रामरायाचा भाऊ तिरुमल याने नगर पुन्हा वसविण्याची खटपट केली व अखेर राजधानी पेनुगोंड्यास हलविली. फेदेरिचीचे काम एका महिन्यात आटोपण्यासारखे होते. तथापि वाटेवर चोरांचा सुळसुळाट असल्यामुळे निघण्याची सोय नव्हती, आणि तो तेथे सात महिने राहिला.

आमच्या अनुभवावरून कोणास सल्ला द्यावयाचा झाल्यास तो असा. ज्यास खरोखरच एक दिवस आहे त्याने हंपी टाळू नये, पण फेरिस्त निम्मी करावी. सूर्योदयापूर्वी होसपेट सोडून सकाळ राजकीय विभागात घालवावी, दुपार कमलापूरच्या वस्तुसंग्रहालयात काढावी, जेथे साऱ्या नगराची प्रतिकृती मांडलेली आहे, आणि उतरते ऊन विठ्ठल मंदिरास द्यावे. वृद्ध माणसे, कडेवरची मुले, किंवा चालण्याची अडचण असणारे यांच्यासाठी होसपेटचा मुक्काम व रिक्षा हीच शहाणपणाची वाट आहे. बाकी सर्वांनी एक रात्र तरी नदीजवळ काढावी. आणि दोन रात्री मिळाल्या तर दुसरा दिवस नदीपलीकडे आनेगुंदीस द्यावा, कारण राजधानीपूर्वीची वस्ती तिकडची आहे, आणि तिकडून पाहिले म्हणजे इकडच्या तीरावर नगर का वसविले याचा उलगडा होतो. तिकिटाच्या वेळा व नावांचे फेरे पाण्याच्या पातळीप्रमाणे आणि सरकारी हुकुमाप्रमाणे बदलतात. त्या तेथेच विचारून घ्याव्या.

सायंकाळी होसपेटच्या बसथांब्यावर भाऊसाहेबांनी जमाखर्च लिहिला. मुक्कामाचा खर्च त्यांनी नाहक या सदरात घातला नव्हता, परंतु तो कोणत्या सदरात घालावा हेही त्यांस सुचत नव्हते. अखेर त्यांनी तो प्रवासखर्चातच मिळविला. मी त्यांना फेदेरिचीची हकीकत सांगितली. ती त्यांनी लक्षपूर्वक ऐकली, हातातील तिकिटांवरची वेळ पाहिली, आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, “आता वाट अगदी निर्धोक आहे, तात्या. म्हणूनच इतक्या लवकर निघालो आपण.”